अर्थ लागत नाही

टू-झिरो-सेव्हनचा वायपर अर्ध्या काचेवर थांबला,
नेमका माझ्या डोळ्यांसमोर,
सप्टेंबरात, तुळजापूर घाटात, रात्री पावणेदोनला,
मागं टॉवेलचे चाळीस गठ्ठे आणि वर फाटकी ताडपत्री.
हात बाहेर काढून ढकलला. दोनदा हलला,
परत तिथंच.
मग तंबाखूची पुडी काचेवर चोळली.
पाणी जरा सरकून पडायला लागलं.
(हा इलाज रेवणनं शिकवलेला. असो.)

सोलापुरात वायपर लागतो वर्षातनं वीस दिवस,
बाकी दिवस तो धूळ सांभाळतो.
म्हणून जानेवारी उजाडला.

जुन्या बोरामणी नाक्याजवळ येमूल अण्णांचं दुकान:
वर पत्रा, खाली बाकडं,
खिळ्याला टांगलेला बंद मागाचा धोटा.
तीस वर्षं माग चालवला, मग वायरिंग.
"धागाच की ओ," म्हणतात, "कुठं तुटला तेवढं बघायचं."

आधी फ्यूज. काढला, उन्हाकडं धरला.
"बरा आहे."
मग स्विच: स्लो, फास्ट, दोन्हीकडं मुकाट.
मग टेस्टलॅम्प, म्हणजे इंडिकेटरचा जुना बल्ब,
दोन वायरी, टोकाला गोधडीची सुई.
सुई मोटरच्या सॉकेटात, दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला.
बल्ब पेटला.
"म्हणजे मोटर गेली," मी म्हणालो
आणि मनात दीड हजार मोजले.
"थांबा की."
मोटर उतरवली, मांडीवर घेतली, थेट बॅटरीला लावली.
गरगरा फिरली.

रॉड बघितले. बुश बघितले,
ग्रीस खाऊन काळे पडलेले, पण जागेवर.
चहा आला, एकात दोन.
अण्णा तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.
मग माझ्याकडं न बघता म्हणाले,
"अर्थ लागत नाहीये गाडीला."

मी हसलो. ते हसले नाहीत.
"करंटला जायची वाट आहे, परतायची नाही.
रंग कधी मारला?"

गेल्या पाडव्याला.
वाटणी झाली, गाडी माझ्याकडं आली,
पेंटरला म्हटलं, सगळं झाकून टाक.
त्यानं बॉनेट उघडून आतसुद्धा फवारा मारला,
बोल्टावर, वायरीवर, वॉशरवर.
फळीवर आधी 'हत्तुरे बंधू' होतं.
आता नुसतं 'हत्तुरे'.
उरलेल्या जागेत त्यानं आपल्या मनानं मोर काढला.

"दोन-चार महिने ओढला असंल कसाबसा," अण्णा म्हणाले.
बोल्ट सैल केला,
पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळला
आणि घासायला लागले.
पहिला माझा हिरवा गेला.
खाली जुना तपकिरी. तो रेवणनं निवडलेला,
मी तेव्हा नको म्हणालो होतो.
मग राखाडी प्रायमर. मग गंज, चिमूटभर.
"अजून," मी म्हणालो, का कोण जाणे.
अण्णा घासत राहिले,
रुपयाएवढा पत्रा लखलखेपर्यंत.
वायर लावली, वॉशर बदलला, बोल्ट आवळला.
"मारा स्विच."

वायपर कोरड्या काचेवर किंचाळला,
चार महिन्यांची धूळ इकडनं तिकडं केली,
आणि बंद केल्यावर खाली जाऊन
आपल्या जागेवर बसला.

"साठ द्या. आणि त्या जागी परत रंग नको."
"गंजंल की."
"ग्रीस लावा. गंजलं तर घासायला या."

निघालो. घराकडं वळायचं ते वळलो नाही,
सात रस्त्याकडं गेलो. तिकडं रेवणचं दुकान आहे,
इतर पण बरीच दुकानं आहेत.
सिग्नल लागला.
रणरणतं ऊन, आणि वायपर चालूच,
करकर, करकर.
शेजारचा रिक्षावाला वाकून काच बघतो,
मग आभाळ, मग मला.
"कुठं लागला ओ पाऊस?"
"घाटात," मी म्हणालो.